मदत हवी आहे: अनुभवी प्राध्यापकांसाठी नेतृत्व फेलोशिप कशी आखावी?

नमस्कार. विद्यापीठात दहा-बारा वर्षं शिकवलेल्या प्राध्यापकांसाठी वर्षभराची फेलोशिप आखायची आहे. जागा आठ. वर्गात ही मंडळी उत्तम आहेतच. आता विभागातल्या इतरांचं शिकवणं सुधारावं म्हणून त्यांनी पुढाकार घ्यावा, हा हेतू. विभागप्रमुखपदाची तयारी करून घ्यायची नाही. कच्च्या आराखड्यात दरमहा एक व्याख्यान, प्रत्येकी एक प्रकल्प आणि शेवटी अहवाल आहे. अडलंय ते इथे: निवड कशावर करावी, तासिकांची सूट किती द्यावी, आणि हातात अधिकार नसताना सहकाऱ्यांना सोबत घेणं शिकवायचं कसं?

प्रतिसाद १
आधी हे ठरवा, गौरव करायचा आहे की माणसं घडवायची आहेत? ब्रिटनची नॅशनल टीचिंग फेलोशिप (२००० पासून) किंवा कॅनडाची थ्रीएम फेलोशिप (१९८६ पासून) मुख्यतः झालेल्या कामाची दखल घेते. तुम्हाला पुढचं काम हवंय, म्हणून अर्जात पुरस्कारांची यादी मागू नका. दोन पानं पुरेत: विभागातली कोणती अडचण सोडवायची, ती कुणाकुणाला भेडसावते, आणि सोबत काम करायला तयार असलेल्या दोन सहकाऱ्यांच्या सह्या. अडचण अर्जदाराच्या एकट्याच्या वर्गापुरती असेल, तर अर्ज कितीही सुरेख असला तरी बाजूला ठेवा.

सूट आठवड्याला एक पूर्ण दिवस, दोन्ही सत्रं. नुसतं 'वीस टक्के' लिहून भागत नाही. वेळापत्रक लागण्याआधीच कोणता विषय सुटला आणि तो कोण घेणार, हे नावानिशी लिहून विभागप्रमुखांची सही घ्या. नाहीतर पहिल्याच परीक्षेत तो दिवस पर्यवेक्षणात जातो आणि पुन्हा हाती लागत नाही.

प्रतिसाद २
तिसऱ्या प्रश्नाबद्दल. व्याख्यानं निम्मी करा आणि तो वेळ सरावाला द्या. उदाहरणार्थ, एकाच विषयाच्या पाच तुकड्या, पाच परीक्षक आणि गुणदानात तफावत. फेलोने सहा उत्तरपत्रिकांच्या नाव झाकलेल्या प्रती काढायच्या. प्रत्येकाने स्वतंत्रपणे तपासून गुण चिठ्ठीवर लिहायचे, मगच सगळे आकडे फळ्यावर मांडायचे. चर्चा सर्वांत जास्त फरक पडलेल्या उत्तरापासून सुरू करायची. दोन तास लागतात. चिठ्ठीचा टप्पा गाळला की ज्येष्ठ व्यक्ती आधी बोलते आणि बाकीचे आपले आकडे तिच्याकडे सरकवतात. तफावत दिसतच नाही. फेलोने आपले गुण सर्वांत शेवटी सांगायचे. अनुभवी शिक्षकाला हे जड जातं, कारण उत्तर देण्याची सवय हाडीमाशी भिनलेली असते. इथे प्रश्न विचारून थांबायचं असतं, आणि हे थांबणं व्याख्यान ऐकून येत नाही.

आठ जणांचे चार-चारचे दोन गट करा, दर तीन आठवड्यांनी दीड तास. एकाने आपली अडचण मांडायची, बाकीच्या तिघांनी पहिली वीस मिनिटं फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला त्यानंतर.

धागाकर्ता
फारच उपयोगी, आभार. फेलो सहकाऱ्यांचे तास पाहणार आहेत. त्या नोंदी विभागप्रमुखांनी मागितल्या तर?

प्रतिसाद १
देऊ नका, आणि हे फेलोशिपच्या नियमांतच लिहा. नोंदी मूल्यमापनाच्या फाइलीत गेल्या की लोक ठेवणीतला तास दाखवतात. तासाआधी पंधरा मिनिटं बसून 'नेमकं काय पाहू?' हे सहकाऱ्यालाच विचारायचं. तासानंतर दोन दिवसांच्या आत बोलायचं आणि नोंदींचा कागद त्याच्याच हाती द्यायचा, प्रत न ठेवता. विभागप्रमुखांना सत्राच्या शेवटी एवढंच कळवा: किती तास पाहिले आणि विभागाने मिळून काय बदललं.