एका वेळी तीन-चार पुस्तकं

एकदम तीन-चार पुस्तकं सुरू केली की एकही तडीस जात नाही, असं म्हणतात ते कादंबऱ्यांपुरतं मान्य. लेखसंग्रहाचं तसं नसतं. माझं सध्या एका जाडजूड कादंबरीच्या जोडीला इरावती कर्वेंचं 'युगान्त' चालू आहे (१९६७ चं, साहित्य अकादमी पुरस्कार १९६८ चा). गांधारी, कुंती, द्रौपदी असे महाभारतातल्या एकेका व्यक्तीवर सुटे लेख, त्यामुळे मध्ये खंड पडला तरी काही बिघडत नाही.

'युगान्तमध्ये कल्पनाच फार' असंही कुणी कुणी म्हणतं. कल्पना आहे, पण बाईंनी ती लपवलेली नाही. आधार पुण्याच्या भांडारकर संस्थेने जुन्या हस्तलिखितांवरून सिद्ध केलेल्या महाभारताच्या संशोधित आवृत्तीचा. द्रौपदीवरच्या लेखात शेवटी, हिमालयाच्या वाटेवर कोसळलेल्या तिच्याजवळ भीम येतो तो प्रसंग रंगवण्याआधी त्यांनी सरळ सांगून टाकलंय, की इथून पुढचं महाभारतात नाही, माझं आहे. एवढा प्रामाणिकपणा पौराणिक कादंबऱ्या लिहिणारे क्वचितच दाखवतात. आणि भीम म्हणजे नुसता खादाड पैलवान, हे डोक्यात बसलेलं चित्र तेवढ्या दोन-चार पानांत पार पुसलं जातं. वाचायचंच असेल तर सुरुवात त्या लेखापासून केली तरी चालेल.