मदत हवी आहे : लॉजिक या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरसाठी मॅक घ्यावा का?

मंडळी, जरा सल्ला द्या की. मी कोल्हापुरात राजारामपुरीत घरच्या घरी पोवाडे, भजनं रेकॉर्ड करतो, चार वर्षं रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरवर काम चाललंय, पण लॅपटॉप जुना, हलगीचे दोन माईक, ढोलकी, तुणतुणं आणि मागं झीलकऱ्यांचे चार ट्रॅक झाले की फॅन असा ओरडतो की तोच रेकॉर्डिंगमध्ये येतोय. आता नवीन मशीन घ्यायचंच आहे.

मित्र म्हणतोय ॲपलचा छोटा डेस्कटॉप मॅक मिनी घे आणि लॉजिक प्रो टाक, एकदाच पैसे, सोबत वाद्यं-इफेक्ट भरपूर. पटतंय, पण लॉजिक फक्त ॲपलवरच चालतं. आधी ते विंडोजवरपण होतं, २००२ मध्ये ॲपलनं लॉजिक बनवणारी ईमॅजिक कंपनी घेतली आणि विंडोजची आवृत्ती बंदच केली. म्हणजे उद्या मी परत विंडोजवर आलो तर सगळे प्रोजेक्ट तिकडंच अडकणार, प्रत्येक गाण्याचे ट्रॅक वेव्ह म्हणजे साध्या ऑडिओ फाइलमध्ये काढत बसायचं, आणि एडिटिंग, ऑटोमेशन (आवाज आपोआप कमी-जास्त करायच्या सेटिंग्ज) गेलंच की. शिवाय मिनीत रॅम नंतर वाढवता येत नाही, आत्ताच जास्तीची घ्यायची म्हटलं तर खिसा फाटतोय राव.

रीपर दोन्हीकडं चालतं, लायसन्सपण ६० डॉलरचं. मग मॅक घेऊन त्यावर रीपरच ठेवला तर येडेपणा होईल का? का त्याच पैशात तगडा विंडोज पीसी आणि बरा ऑडिओ इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) घेऊ? लाइव्ह तालवाद्यं रेकॉर्ड करणाऱ्यांनी सांगा, १६ जीबी रॅम पुरते का?