मदत हवी आहे: प्रदूषण जास्त तिथे घरं महाग? कोएफिशंटचं चिन्ह उलटं येतंय

अर्धविराम
नमस्कार. प्रबंधाचं तिसरं प्रकरण या एकाच गोष्टीवर अडलंय. विषय हवेच्या प्रदूषणाचा घरांच्या किमतीवर होणारा परिणाम. मॉडेल साधं हेडॉनिक आहे, म्हणजे घराची किंमत त्याच्या एकेका गुणात वाटून पाहणारं. डावीकडे किमतीचा लॉग, उजवीकडे पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म कण), क्षेत्रफळ, खोल्या, मजला, इमारतीचं वय. पीएमचा कोएफिशंट (परिणामाचा आकडा) पॉझिटिव्ह येतोय आणि तोही चांगला सिग्निफिकंट, नुसता योगायोग वाटणार नाही असा. म्हणजे हवा जितकी घाण तितकं घर महाग! सोमवारी प्रकरण मार्गदर्शकांच्या हातात द्यायचंय. डेटा स्वच्छ आहे, कोड तपासलाय. कृपया "अजून वाचन करा" असं कुणी सांगू नका, वाचन झालंय. चिन्ह सरळ कसं होईल तेवढं सांगा.

बांधावरून
चिन्ह सरळ करायचं ठरवूनच बसलात तर ते कुठल्या ना कुठल्या मॉडेलमध्ये सरळ होईलच, पण मग प्रबंधात उरलं काय? आधी हे सांगा: किंमत नोंदणीची की जाहिरातीतली? एका वर्षाची की अनेक? पीएम कुठून आणलं? आणि शहराच्या केंद्रापासूनचं अंतर तुमच्या यादीत का दिसत नाही?

अर्धविराम
किंमत नोंदणीचीच. वर्षं अनेक आहेत, सगळी एकत्र, वर्षाचे डमी (प्रत्येक वर्षासाठी वेगळा ०-१ चल) घातलेत. अंतर घालून पाहिलं. कोएफिशंट जवळपास निम्मा झाला, चिन्ह तेच. पीएम सरकारी मोजणी केंद्रांवरून घेतलंय, त्यात काही प्रश्न नाही.

मोजपट्टी
निम्मा झाला यातच अर्धं उत्तर आहे. अलोन्सो (१९६४), मिल्स (१९६७), मुथ (१९६९) यांचं शहराचं मॉडेल आठवा. नोकऱ्या मध्यभागी, तिथे राहिलं की जाण्यायेण्याचा खर्च वाचतो, म्हणून त्या जागेसाठी लोक जास्त बोली लावतात. गाड्यांची वर्दळ आणि धूरही तिथेच. तुमचं पीएम बऱ्याच अंशी "केंद्राच्या जवळ" एवढंच मोजतंय. अंतर सरळ रेषेत मोजलं असणार. त्याऐवजी प्रवासाला लागणारा वेळ घ्या. शहराला एकापेक्षा जास्त केंद्रं असतील तर प्रत्येकाचा वेळ वेगळा घ्या.

जाळीदार
इतके नियंत्रणाचे चल घालत बसण्यापेक्षा स्पेशियल डर्बिन मॉडेल (शेजारच्या घरांच्या किमती आणि गुणही धरणारं) चालवा. शेजारच्या घराची किंमत तुमच्या घराच्या किमतीत उतरते हे उघड आहे, तुम्ही ते मॉडेलमधून वगळलंय. वेट्स मॅट्रिक्स (कुठलं घर कुणाचं किती शेजारी याचा तक्ता) बनवा, जवळची दहा घरं घ्या, पॅकेज तयार मिळतात. माझ्या जमीनवापराच्या कामात याच पद्धतीने अंदाज जागेवर आले.

मोजपट्टी
याला माझा ठाम विरोध आहे. वेट्स मॅट्रिक्स आपणच गृहीत धरायचा आणि त्याच्या जोरावर कार्यकारणभाव सांगायचा, हे कसं चालेल? शेजाऱ्याच्या किमतीमुळे माझी किंमत वाढली की दोघांची एकाच बागेमुळे वाढली, हे त्या मॉडेलला वेगळं करता येत नाही. मान्स्कीने १९९३ मध्ये हाच पेच मांडला होता. गिबन्स आणि ओव्हरमन यांचा २०१२ चा लेख याच पद्धतीवर आहे, तो वाचा.

जाळीदार
तो लेख वाचलाय. त्यांचा आक्षेप कार्यकारणाच्या दाव्याला आहे. अवकाशी अवलंबित्वाकडे दुर्लक्ष करा असं ते म्हणत नाहीत. धागाकर्तीचे स्टँडर्ड एरर (अंदाजातल्या अनिश्चिततेचं माप) आत्ता नक्कीच खोटे लहान आहेत, ते तरी मान्य कराल?

मोजपट्टी
ते मान्य. पण एरर सुधारल्याने चिन्ह बदलत नाही आणि तिने चिन्हाबद्दल विचारलंय.

पाणकळा
मला वाटतं मुळात प्रश्नच वेगळा विचारायला हवा. घराच्या किमतीवरून हवेचं मोल काढण्यापेक्षा धूर सोडणाऱ्यावर कर लावा. पिगूने १९२० मध्ये हे सांगून ठेवलंय. बंदी आणि सक्तीने काय होतं ते मेक्सिको सिटीत दिसलं. १९८९ मध्ये नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्यानुसार आठवड्यातून एक दिवस गाडी बंद केली. ल्युकस डेव्हिसने २००८ मध्ये तपासलं तर हवा सुधारल्याचा पुरावा मिळाला नाही. शहरातल्या गाड्याच वाढल्या होत्या.

उंचवटा
उलट स्टॉकहोम बघा. २००६ मध्ये आधी काही महिने प्रयोग म्हणून शुल्क लावलं, २००७ मध्ये कायम केलं आणि सीमारेषा ओलांडणारी वाहतूक साधारण २० टक्क्यांनी घटली. सिंगापूर तर १९७५ पासून शहराच्या मध्यभागी शिरायचे पैसे घेतंय. रस्ते रुंद करून हे साधत नाही. ड्युरांटन आणि टर्नर यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या शहरांवर दाखवलं की महामार्ग ज्या प्रमाणात वाढतात त्याच प्रमाणात गाड्यांचा प्रवासही वाढतो.

अर्धविराम
माझा विषय शुल्क नाही. कृपया धाग्यावर राहा, मला सोमवार गाठायचाय.

कौलारू
मध्येच विचारतोय, माफ करा. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या जवळ घर बघतोय. जागा स्वच्छ करणार आहेत असं ऐकलं. पुढे किंमत वाढेल का? आत्ता घ्यावं का?

उंचवटा
कौलारू, तेवढ्या भरवशावर घेऊ नका. अमेरिकेत विषारी कचऱ्याच्या जागा साफ करायला १९८० मध्ये सुपरफंड कायदा झाला. सुरुवातीला ४०० जागांपुरतीच सोय होती, म्हणून धोक्याचे गुण काढले आणि २८.५ वर रेघ मारली, त्यावरच्या जागा सफाईच्या यादीत. ग्रीनस्टोन आणि गॅलाघर यांनी २००८ मध्ये या रेघेच्या थोड्या वरच्या आणि थोड्या खालच्या जागांची तुलना केली. यादीत आलेल्या जागांच्या आसपास घरांच्या किमती म्हणाव्या तशा वाढलेल्या नव्हत्या. नंतर टिमिन्स आणि सहलेखकांनी बारीक भूभाग घेऊन पाहिलं तेव्हा वाढ दिसली, तीही जागेच्या अगदी जवळच्या स्वस्त घरांत जास्त. घ्यायचंच असेल तर आधी मातीची तपासणी करून घ्या.

बांधावरून
अर्धविराम, "मोजणी केंद्रांवरून" म्हणजे नेमकं कसं? प्रत्येक घराशेजारी केंद्र नसणार. आणि दुसरं, या वर्षांत शहरात काही बदललं का? एखादा नियम, एखादा कारखाना, इंधनाची सक्ती?

अर्धविराम
केंद्रं मोजकीच आहेत, बहुतेक मोठ्या चौकांत. मधल्या घरांसाठी अंतरानुसार भारित सरासरी काढली. बदल म्हणाल तर मधल्या एका वर्षी शहराच्या कडेचं कोळशावरचं वीजकेंद्र बंद झालं. ते मी चौथ्या प्रकरणात घेणार आहे, इथे त्याचा संबंध नाही.

बांधावरून
अहो, इथेच तर संबंध आहे! तुमचं तिसरं प्रकरण त्या वीजकेंद्रातच आहे. चौकात मोजलेलं पीएम आजूबाजूला पसरवलं की नकाशावर दिसते ती वर्दळ. वर्दळीजवळ दुकानं, स्टेशन, नोकऱ्या, म्हणून घर महाग. याच कारणाने कुठल्या जागा महाग आहेत याची एका वेळची तुलना इतकी फसवी ठरते.

चाय आणि ग्रीनस्टोन (२००५) समोर ठेवा. त्यांनाही साध्या तुलनेत डळमळीत आणि कधी उलट्या चिन्हाचे आकडे मिळाले. मग त्यांनी अमेरिकेच्या १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याचा आधार घेतला. काही काउंटी (जिल्ह्यासारखे भाग) मर्यादेच्या वर म्हणून कडक नियमांखाली आल्या, बाकीच्या सुटल्या. धूळ ज्या कारणाने कमी झाली ते कारण घरं घेणाऱ्यांच्या आवडीनिवडीतून आलेलं नव्हतं. त्यावरून किमतीची लवचिकता (धूळ एक टक्का वाढली तर किंमत किती टक्के बदलते) उणे ०.२० ते उणे ०.३५ निघाली. तुमच्याकडे तसंच बाहेरून आलेलं कारण आहे आणि तुम्ही ते बाजूला ठेवलंय.

मोजपट्टी
सहमत, पण वीजकेंद्र बंद झालं की घाण हवेबरोबर नोकऱ्याही गेल्या. कोळशाच्या गाड्यांचा आवाज गेला, चिमणी नजरेआड झाली. नुसतं "आधी आणि नंतर" केलं तर हे सगळं एका आकड्यात मिसळेल. रोबॅकने १९८२ मध्येच दाखवलंय की जागेच्या गुणांची किंमत घरात उतरते तशी पगारातही उतरते.

बांधावरून
म्हणून वाऱ्याची दिशा घ्या. वीजकेंद्रापासून सारख्याच अंतरावरची दोन घरं, एक वाऱ्याखाली (वारा धूर जिकडे नेतो त्या बाजूला), दुसरं वाऱ्याच्या उलट बाजूला. नोकऱ्या दोघांच्या गेल्या, चिमणी दोघांनाही दिसेनाशी झाली. हवा मात्र मुख्यतः वाऱ्याखालच्याचीच सुधारली. दोघांच्या बदलांमधला फरक तुम्हाला हवाय.

हेब्लिश, ट्र्यू आणि झिलबरबर्ग यांनी इंग्लंडच्या सत्तर शहरांतली एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची जवळपास ५,००० धुराडी जुन्या नकाशांवरून एकेक करून शोधली आणि धूर कुठे पसरत असेल ते काढलं. तिथे वारा बहुतेक पश्चिमेकडून. धूर पूर्वेला गेला, गरीब वस्ती पूर्वेला साचली, आणि धुराडी विझल्यानंतरही ती विभागणी बऱ्याच अंशी टिकून राहिली. एका शहराच्या दोन बाजूंना काय होतं हे याहून स्पष्ट मी कुठे वाचलेलं नाही.

पाणकळा
मग भाडेकरूंचं काय? हवा सुधारली, भाडं वाढलं, जे खोकत राहिले तेच बाहेर गेले. किमतीचा आकडा वाढला म्हणजे सगळ्यांचं भलं झालं असं प्रबंधात लिहू नका, एवढी विनंती.

बांधावरून
हा मुद्दा योग्य आहे. बॅन्झाफ आणि वॉल्श (२००८) यांनी नेमकं हेच पाहिलं, हवा सुधारली की वस्तीत कोण येतं. अर्धविराम, भाड्याचा डेटा मिळाला तर वेगळा चालवा. मालकांना मिळालेला फायदा आणि रहिवाशांना मिळालेला फायदा एकाच वाक्यात लिहू नका.

अर्धविराम
रात्री चालवून पाहिलं. विभागांचे फिक्स्ड इफेक्ट (प्रत्येक विभागाचा कायमचा वेगळेपणा बाजूला काढणारे चल) घातले, हवामान खात्याच्या वाऱ्याच्या नोंदींवरून वाऱ्याखालचे विभाग ठरवले. बंद झाल्यानंतर वाऱ्याखालच्या घरांच्या किमती दुसऱ्या बाजूच्या तुलनेत वाढलेल्या दिसतात, म्हणजे चिन्ह सरळ. पण विभागावर क्लस्टर केलं (एका विभागातली घरं एकमेकांशी जोडलेली धरली) की एरर खूप फुगतो, सिग्निफिकन्स जातो. घरावर क्लस्टर करू का? तिथे तीन तारे, म्हणजे सिग्निफिकन्सची वरची खूण, येतात.

जाळीदार
नका करू. एकाच विभागातल्या सगळ्या घरांना एकच वारा लागतो, त्यांना स्वतंत्र धरता येणार नाही. विभाग थोडे असतील तर वाइल्ड क्लस्टर बूटस्ट्रॅप (गट थोडे असताना वापरायची चाचणी) करा, कॅमेरॉन, गेल्बाख आणि मिलर यांचा २००८ चा. नाहीतर कॉन्लीचे एरर (जवळची घरं एकमेकांशी जोडलेली धरणारे), अंतराची मर्यादा दोन-तीन वेगवेगळी ठेवून.

मोजपट्टी
यावर जाळीदार यांच्याशी पूर्ण सहमत. आणि तारे नाही आले तरी चालेल. खरा अंदाज मोठ्या एररसकट द्या, मार्गदर्शकांना ते पटवता येतं. बंद करायचं जाहीर कधी झालं होतं?

अर्धविराम
जाहीर बरंच आधी झालं होतं. दोनदा मुदतवाढही मिळाली. त्याने काय फरक पडतो?

मोजपट्टी
ज्यांना आधी कळलं त्यांनी आधीच घरं घेतली असतील. मग तुमचं "आधी" हे खरं आधी नाही आणि परिणाम कमी दिसेल. वर्षागणिक कोएफिशंट काढून आलेख करा. घोषणेच्या अगोदरची वर्षं शून्याच्या आसपास हवीत. घोषणेपासून रेष चढायला लागली तर तेच वर्ष सुरुवात धरा. आलेख इथे टाका, सोमवारच्या आत बघून सांगतो.

अर्धविराम
घोषणेची आणि दोन्ही मुदतवाढींची नेमकी वर्षं काढते आहे. सकाळपर्यंत आलेख टाकते.