बॅड बॉईज मालिका: कुठे हसू फुटतं, कुठे टाळ्या पडतात

मायामीचे दोन पोलीस, माइक लॉरी (विल स्मिथ) आणि मार्कस बर्नेट (मार्टिन लॉरेन्स). चित्रपट चार: १९९५, २००३, २०२० आणि २०२४. या चर्चेत प्रेक्षक एकेक नोंद लिहितात. नुसतं ‘भारी आहे’ नको. कोणत्या प्रसंगाला बघणारे कसे दाद देतात आणि का, तेवढं नेमकं लिहा.

*

पहिल्याची सुरुवातच बघा. माइकच्या पोर्शमध्ये मार्कस खातोय, फ्राय सांडतात आणि वाद पेटतो. गाडी पळवायला आलेले चोर पिस्तूल रोखून उभे राहतात तरी दोघांचं भांडण चालूच, आणि त्या भांडणाच्या आडूनच ते बाजी उलटवतात. हसू आणि धसका एकाच वेळी येतो. पुढच्या तिन्ही चित्रपटांना याच मापाने मोजावं. मारामारीत दोघांची तोंडं बंद झाली की प्रसंग कितीही खर्चिक असो, थंड पडतो.

*

यावर दुसऱ्या चित्रपटाचं उदाहरण. मायामीतल्या मॅकआर्थर कॉजवेवरच्या (पाण्यावरून जाणाऱ्या रस्त्यावरच्या) पाठलागात गुंड गाड्या वाहणाऱ्या ट्रेलरवरून त्या एकेक करून मागे ढकलतात. खरं लोखंड रस्त्यावर आपटतं, त्याचं वजन जाणवतं, आणि मधूनमधून मार्कसची कुरकुर ऐकू येते. म्हणून तो पाठलाग लांबूनही लांबलेला वाटत नाही. क्यूबातला शेवट मात्र थकवतो, कारण खलनायकाचं प्रकरण संपत आल्यासारखं वाटल्यावर नवी मोहीम सुरू होते. एकूण १४७ मिनिटं आहेत, पहिला ११९ मिनिटांचा होता. मध्यंतर घ्यायचं तर क्यूबाला निघण्याआधी घ्या. शवागारातला विनोद सगळ्यांना झेपत नाही. लहान मुलांसोबत हा भाग लावूच नये.

*

रेजीबद्दल कुणीच लिहिलं नाही? मार्कसच्या मुलीला फिरायला न्यायला आलेला हा पोरगा दारात उभा आणि दोघं मिळून त्याला घाबरवतात. गंमत त्याच्या एकाक्षरी उत्तरांत आहे. तिसऱ्यात तो जावई होतो. चौथ्यात घरावर हल्ला होतो, तेव्हा हाच अबोल मरीन सैनिक एकटा हल्लेखोरांना लोळवतो आणि सासरेबुवा दुरून पडद्यावर बघत राहतात. थिएटरात इथे टाळ्या-शिट्ट्या पडतात, पण दुसरा भाग पाहिलेला असेल तरच. नाहीतर ती नुसती एक चांगली मारामारी.

*

तिसरा गाळून चौथा बघू नका. दोघांचा वरिष्ठ कॅप्टन हॉवर्ड याचा मृत्यू आणि मारेकरी अर्मांडो माइकचा कोण, हे दोन्ही तिसऱ्यातच आहे. चौथ्याचं सगळं कथानक मेलेल्या हॉवर्डवरच्या आरोपाभोवती फिरतं. त्याचा ध्वनिचित्रित निरोप येतो तेव्हा जुन्या प्रेक्षकांचा गळा दाटतो. नव्याला तो फक्त पुरावा वाटतो.

*

घरी बघणाऱ्यांसाठी. टीव्हीतलं ‘मोशन स्मूदिंग’ बंद करा. दिग्दर्शक मायकेल बेच्या पहिल्या दोन भागांत तुकडे झपाट्याने बदलतात, त्यात यंत्राने घातलेल्या जादा चौकटी मिसळल्या की सगळं टीव्ही मालिकेच्या चित्रीकरणासारखं गुळगुळीत दिसतं. संवाद दबत असतील तर ५.१ व्यवस्थेत (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) मधला स्पीकर २-३ डेसिबलने वाढवा. टीव्हीचेच स्पीकर असतील तर ‘नाइट मोड’ लावा, म्हणजे स्फोट खाली येतात आणि बोलणं वर. शक्यतो मूळ इंग्रजीच ऐका, सबटायटल लावून. ही दोघं एकमेकांचं वाक्य तोडत बोलतात. डबिंगमध्ये ती वाक्यं बहुतेकदा एकामागून एक रांगेत लागतात आणि अर्धी मजा जाते.

*

एक मतभेद नोंदवते. दोघांच्या भांडणाचं माप चौथ्याला लागत नाही, तिथे विनोद मार्कसच्या एकट्याच्या खांद्यावर आहे. लग्नात हृदयविकाराचा झटका येऊन वाचल्यावर त्याला वाटतं आपल्याला मरणच नाही, आणि माइकला मात्र भीतीचे झटके येतात. ही अदलाबदल फार चांगली आहे. पूर्वी बेधडक असायचा तो आता थिजतो आणि बिचकणारा रस्त्यात पुढे चालतो. मार्कस माइकला भानावर आणायला थोबाडीत देतो तेव्हा प्रेक्षागृह हशाने फुटतं. विल स्मिथने २०२२ साली ऑस्करच्या मंचावर क्रिस रॉकला मारलेली थप्पड सगळ्यांना आठवलेली असते. पण ती आठवण बाजूला ठेवली तरी प्रसंग उभा राहतो, कारण मित्राची काळजी त्या हातात दिसते.

*

ड्रोनने घेतलेले वेगवान झोके चौथ्यात बरेच आहेत. चक्कर येणाऱ्यांनी मागची रांग धरावी.