वाहत्या पाण्यात, घोळक्यानं : तुमचे अनुभव लिहा

टिळकवाडी, बेळगाव (धागा सुरू करतोय)

चैत्र लागला की खानापूरच्या पुलावरून मलप्रभेकडं बघवत नाही. दगडं उघडी पडलेली, मधून एक बारीक धार. त्याच दिवसांत लोंढा-रामनगर मागं टाकून गणेशगुडीला उतरलं तर काळी नदी खडकांवरून फेसाळत निघालेली असते. थंड देशांत वसंतात बर्फ वितळतं, नद्या फुगतात आणि माणसं कनू-कयाक, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होड्या, घेऊन टोळक्यानं बाहेर पडतात. आपल्याकडं बर्फ कुठलं? आपला वसंत सुपा धरणाच्या पायथ्याशी असतो. वीज करायचे ५० मेगावॅटचे दोन संच आहेत, ते फिरले की खाली पाणी सुटतं, नाही फिरले तर बसा खडकावर चुरमुरे खात.

आम्ही सात जण पहिल्यांदा गेलो तेव्हा असेच दीड तास बसलो होतो. मग समोरच्या दगडावरची ओली रेघ बोटभर वर चढली, नंतर वीतभर. आवाज त्यानंतर आला. वैशाखातलं ऊन डोक्यावर, पण पाणी धरणाच्या तळातलं. हात घातला तर कळ आली.

तिसऱ्या उतारावर मी राफ्टमधून, म्हणजे हवा भरलेल्या रबरी होडीतून, फेकला गेलो. पोहता येतं या गुर्मीत पहिलं काम काय केलं, तर उभं राहायला गेलो. गाईड ओरडला, ‘पाय वर! पाय वर!’ त्यानं ओढून घेतल्यावर समजावलं. वाहत्या पाण्यात पाय टेकायला जायचं नाही. खडकाच्या फटीत पाऊल अडकलं की मागून येणारं पाणी माणसाला पालथं घालतं, आणि मग कमरेएवढं पाणीही पुरतं. पाठीवर पडायचं, पावलं प्रवाहाच्या दिशेनं, बोटं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत. हे निघायच्या आधी सांगितलं होतं म्हणे. मी तेव्हा फोटो काढत होतो.

राफ्ट, कयाक, कनू, गुळाची काहील (मोठी कढई), काहीही चालेल. एकच विनंती. उतरलो ते सगळेच सांगतात. न उतरता परत फिरलात तेही लिहा.

खानापूर

परत फिरल्याचं माझ्याकडं आहे.

हवा भरायची दोन माणसांची कयाक घेतली होती, जुनी. गणपती झाल्यावर मलप्रभा जरा निवळते, तेव्हा असोग्याच्या खालून सोडायची असं चौघांचं ठरलं. दोन कयाक, चौघांनाही लाइफ जॅकेट, सगळं बैजवार. ऊन स्वच्छ पडलेलं. कयाकमध्ये हवा भरत होतो, एवढ्यात म्हशी घेऊन एक आज्जा आले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘पाणी येऊलालंय.’

आम्ही आभाळाकडं बघितलं. ते म्हणाले, ‘वर काय बघतासा, खाली बघा की.’

पाण्यावर काटक्या, वाळकी पानं आणि तपकिरी फेसाचे गोळे यायला लागले होते. नदी येते कणकुंबीच्या डोंगरातून, तिथं धो धो ओतलं तरी खानापुरात ऊन असू शकतं, हे लहानपणापासून ठाऊक होतं. पण डोक्यात कयाक असली की शाळेतला भूगोल आठवत नाही. अर्ध्या तासात आमची हवा भरायची जागा पाण्याखाली गेली. कयाक गुंडाळल्या आणि आज्जांबरोबर चहा प्यायलो. त्यांनी वल्हं हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि विचारलं, ‘दोन्ही बाजूला पातं कशाला रे? एका हातानं जमत नाही व्हय तुमाला?’

कनूत एकाच पात्याचं वल्हं असतं, गुडघ्यांवर बसून मारतात, असं सांगितलं. ते पटलं त्यांना.

निपाणी भाग

आमच्या वेदगंगा-दूधगंगेला कुणी खळाळती म्हणणार नाही. तरी मला विचाराल तर काळीच्या उतारापेक्षा आमचा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा जास्त वाईट. उताराला निदान आवाज असतो, फेस असतो, लांबून कळतं. बंधाऱ्यावरून पाणी जात असेल तर होडीतून काहीच दिसत नाही. नदी पुढं जाऊन एका सरळ रेघेत संपल्यासारखी वाटते, बास.

दिवाळीच्या आधी आम्ही तीन होड्या घेऊन निघालो होतो. पाऊस लांबलेला, बरगे (बंधाऱ्याच्या गाळ्यांत पाणी अडवायला घालतात त्या फळ्या) घातलेले, आणि पाणी वरूनच चाललं होतं. ठरल्याप्रमाणं दोनशे पावलं आधीच काठाला लागलो, होड्या खांद्यावर घेतल्या, उसाच्या बांधावरून पलीकडं. आमच्यातला एक जण कुरकुरत होता. चारच फुटांची तर उडी आहे, कशाला एवढी हमाली, म्हणून. तेवढ्यात कुणाचा तरी पाच लिटरचा रिकामा कॅन वरून वाहत आला, खाली पडला आणि तिथंच राहिला. बुडतोय, वर येतोय, बंधाऱ्याकडं परत ओढला जातोय, परत बुडतोय. आम्ही भाकरी सोडली, झुणका संपवला, हात धुतले, तरी कॅन तिथंच गरगरतोय.

पडणारं पाणी तळाला जाऊन पुढं उसळतं आणि वरचा थर उलटा बंधाऱ्याकडं फिरतो. नैसर्गिक खडकात कुठंतरी फट असते, पाणी बाजूनं वाट काढतं. बंधारा या काठापासून त्या काठापर्यंत सारखा. सुटायला वाटच नाही. आणि जॅकेटवाला माणूस त्या कॅनसारखाच तरंगणार ना?

कुरकुरणाऱ्यानं पुढच्या बंधाऱ्याला सगळ्यांच्या आधी होडी उचलली.

जाता जाता काहिलीबद्दल. गूळ करायच्या काहिलीतून पुरात माणसं काढलेली आमच्या वडलांनी बघितली आहेत. तिला पुढं-मागं नसतं, वल्हं मारलं की जागेवर फिरते. मौज म्हणून बसू नका.

मूळ खानापूर तालुका, आता पुणे

म्हादई आमच्याकडची. देगावच्या रानात उगम, पण राफ्टिंग बघायचं तर गोव्यात वाळपईकडं जायचं, तेही भर पावसात. (पाण्याचा तंटा, लवाद, कळसा-भांडुरा यावर इथं कुणी सुरू करू नका. आमच्या घरात एका जेवणाला तेवढं पुरतं.)

मी आणि माझ्या दोन नणंदा. तिघींतल्या फक्त थोरल्या वन्संना पोहता येतं, तेही विहिरीतलं. एका संथ टप्प्यावर गाईड म्हणाला, ज्यांना तरंगून बघायचंय त्यांनी उतरा. राफ्ट भराभर रिकामी झाली आणि मी एकटी दोरीला धरून बसले. वन्सं पाण्यातून म्हणाल्या, ‘वैनी, या. मी पट्टा धरते.’ उतरले. नाकातोंडात पाणी गेलं, पाय सायकल मारल्यासारखे चालायला लागले. त्यांनी खांद्याजवळ जॅकेट घट्ट धरलं आणि म्हणाल्या, ‘खाली बघू नका हो, आभाळ बघा.’

वर बघितलं तर पाऊस थेट डोळ्यात. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. वन्संनी मला असं धरल्याचं त्याआधीचं एकदाही आठवत नाही. घरी कुणाला सांगितलं नाही, इथं लिहिते आहे.

जोयडा तालुका

मी याच कामात आहे. वरती गाईडचं आलंय म्हणून लिहितो.

पाणी कधी सोडणार हे लोक आम्हाला रागावून विचारतात. विजेची गरज असेल तसे संच चालतात, त्यात आमचं काही चालत नाही. दुसरी गोष्ट जॅकेटची. मी प्रत्येकाला दोन्ही खांद्यांजवळ धरून वर ओढून बघतो. जॅकेट नाकापर्यंत आलं तर पट्टा ढिला आहे. लोकांना अपमान वाटतो, पोट आवळतंय म्हणतात. पाण्यात ढिलं जॅकेट तोंडावर येतं, तेव्हा पोट आठवत नाही.

मोठे ग्रुप आले की जास्त भीती. तीस जण असले की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. म्हणून मी जोड्या लावतो, नवरा-बायको सोडून. ती भांडत बसतात. एक शिट्टी म्हणजे इकडं बघा, तीन म्हणजे कुणीतरी अडचणीत. प्रत्येक उताराखाली हेल्मेटं मोजायची, आकडा जुळल्याशिवाय पुढं नाही.

पूर्वी एका ठिकाणी कामाला होतो. सुट्टीच्या दिवशी मालकानं राफ्टमध्ये जागेपेक्षा चार माणसं जास्त बसवायला सांगितली. मी वल्हं खाली ठेवलं. त्या दिवसाची मजुरी मिळाली नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून कामही नाही. राफ्ट मात्र गेली, दुसऱ्यानं नेली. काही झालं नाही तिला. हेच जास्त वाईट, कारण पुढच्या रविवारी पाच जास्त बसली असणार.

शहापूर, बेळगाव

इतकं गंभीर झालाय सगळे, माझं ऐका. नदीवर जायला दोन गाड्या लागतात. एक जिथं उतरायचं तिथं, एक जिथं संपतं तिथं. आम्ही सकाळी खालची गाडी नीट लावून आलो, कयाकिंग झकास झालं, संध्याकाळी ओल्या चड्ड्यांवर सहा जण गाडीपाशी हजर. किल्ली? वरच्या गाडीत, माझ्या पॅन्टच्या खिशात.

बेळगावची भाजी उतरवून येणारा एक रिकामा टेम्पो थांबला, म्हणून वाचलो. मागं कोबीच्या पानांवर बसून गेलो. ड्रायव्हरनं एवढंच विचारलं, ‘पोरं पाण्यात पडलासा काय?’

तेव्हापासून किल्ली प्लॅस्टिकच्या पिशवीत, शिट्टीच्या दोरीला, माझ्या गळ्यात. मागच्या खेपेला किल्ली जागेवर दिसेना म्हणून घाबरून मी तीन शिट्ट्या मारल्या. पाच कयाक वळून माझ्याकडं आल्या. किल्ली पाठीवर गेली होती.

जोयडा तालुका

तीन शिट्ट्या किल्लीसाठी नसतात हो.