मुक्त, स्वतंत्र की मोकळा?

प्रश्न : मुलीला वक्तृत्व स्पर्धेसाठी विषय आलाय, 'भांडवलशाही की समाजवाद : स्वतंत्र समाज कोणता?' भाषणात तिने मुक्त, स्वतंत्र, मोकळा हे शब्द एकमेकांच्या जागी वापरलेत. चालेल का?

उत्तर : नाही चालणार. तिथेच सगळा वाद अडकलाय.

'मुक्त' म्हटलं की 'कशापासून?' हे विचारावंच लागतं. कर्जमुक्त, व्यसनमुक्त, तसंच. मुक्त बाजारपेठवाल्यांना सरकारी परवान्यांपासून सुटका हवी, शोषणमुक्त समाजवाल्यांना मालकाच्या मर्जीपासून. शब्द एकच, पंचमी वेगळी.

'स्वतंत्र'चं तसं नाही. तंत्र म्हणजे मुळात माग, मागावर ताणलेले उभे धागे. पुढे रचना, व्यवस्था, अंमल हे अर्थ आले. ज्याचा अंमल स्वतःच्या हाती, तो स्वतंत्र. दुसऱ्याच्या हाती, तो परतंत्र.

आणि 'मोकळा'. माझे आजोबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, बदली कामगार होते. पाळीच्या भोंग्याआधी डबा घेऊन खात्याच्या दारात उभं राहायचं. कुणा कायम कामगाराने खाडा केला तर साचा मिळायचा, नाहीतर भरलेला डबा तसाच घरी. मग आजी शेजारणीला सांगायची, "आज मोकळेच आहेत." कायद्याने त्यांना कुणी बांधलेलं नव्हतं, दुसऱ्या गिरणीच्या दारात जायची पूर्ण मुभा होती. मार्क्सने म्हटलंय की मजूर दोन अर्थांनी मुक्त असतो : आपली श्रमशक्ती विकायला मोकळा, आणि उत्पादनाच्या साधनांवाचून हात मोकळे. हा दुहेरी अर्थ मराठीत 'मोकळा' या शब्दात आपसूक येतो, 'मुक्त'मध्ये हरवतो.

आणखी एक : विषयातली भांडवलशाही-समाजवाद ही जोडीच विषम आहे. एकाला 'शाही' लावली, हुकूमशाहीतली. दुसऱ्याला 'वाद', म्हणजे विचार. लोकशाहीही शाहीच, हे खरं. पण 'एखाद्या गोष्टीचं भांडवल करणे' हा वाक्प्रचार भांडवलाला आधीच बदनाम करून बसलाय. खरं तर भांडवल हा साधा शब्द आहे, 'भांड' म्हणजे विकायचा माल, त्यावरून आलेला. पहाटे मार्केटमधून उचललेल्या चार जुड्या मेथी हेही कुणाचं तरी भांडवलच. त्या बाईला पुंजीपती म्हणणार का?

दुसऱ्या एकाचं उत्तर : जुड्यांचा मुद्दा पटला. पण समाजवाद म्हटला की स्वातंत्र्य आपोआप येतं असंही मुलीने बोलू नये. १५ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेचे सदस्य के. टी. शहांनी घटनेत 'समाजवादी' शब्द घालायची दुरुस्ती मांडली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. समाजाची घडी कशी बसवायची हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावं. घटनेतच बांधून टाकलं तर लोकांचं ते स्वातंत्र्य जातं, असं त्यांचं म्हणणं. शब्द उद्देशिकेत आला तो १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने.

पण १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात मूलभूत उद्योग सरकारी मालकीचे असावेत आणि ते घटनेतच लिहावं, अशी मागणी आंबेडकरांचीच होती. सरकारने हात काढून घेतल्यावर उरणारं स्वातंत्र्य कुणाचं, हा प्रश्न त्यांनी तिथे विचारलाय : खंड वाढवणाऱ्या जमीनदाराचं, कामाचे तास वाढवणाऱ्या भांडवलदाराचं. दोन्ही मतं मुलीला वाचायला द्या.

प्रश्नकर्ती : दिली. भाषणात 'मुक्त' अकरा वेळा होता. नऊ ठिकाणी तिने 'कशापासून' ते लिहिलं. दोन ठिकाणी सुचेना, ती वाक्यं खोडली.