मदत हवी आहे: नाव न फुटता तक्रार वरपर्यंत कशी पोचवावी?

चाकणकर९
आमच्याकडे भंगाराच्या गाडीत घोळ चालू आहे. काट्यावर नऊ टन भरतं, गेटपासवर सहा लिहितात. सहा महिने बघतोय. तक्रार करायचीय, पण माझं नाव कळता कामा नये. शुक्रवारी पुढची गाडी आहे, लवकर सांगा.

रेवती_प
कंपनी सरकारी की खाजगी? शेअर बाजारात आहे का? तुम्ही कायम की कंत्राटी?

अण्णा_सातारा
सरळ सीव्हीसीला, म्हणजे केंद्रीय दक्षता आयोगाला, सीलबंद पाकीट पाठवा. नाव फक्त आतल्या पत्रात, पाकिटावर नाही. आमच्या बँकेत एकाने असंच केलं, शेवटपर्यंत फुटलं नाही.

रेवती_प
अण्णा, ती सोय केंद्र सरकारच्या २००४च्या ठरावातली. केंद्राची खाती, उपक्रम, सरकारी बँका एवढ्यांपुरतीच. खाजगी कंपनी असेल तर सीव्हीसी हात लावणार नाही.

अण्णा_सातारा
तो ठराव कशामुळे आला तेही सांगा ना. सत्येंद्र दुबेंनी महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला कळवला, नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. तरी पत्र खात्यात फिरलं. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेला त्यांचा खून झाला. अशा तक्रारदारांना संरक्षण देणारा २०१४चा कायदा अजून लागूच केलेला नाही. पोराला घाईत ढकलू नका.

शिल्पा_क
अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी द्या. समितीला गुप्तता पाळावीच लागते.

रेवती_प
शिल्पाताई, ती समिती लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी. इथे भंगाराचा विषय आहे.

चाकणकर९
खाजगी. शेअर बाजारात नाही. मी कायम, स्टोअरला. एचआरला सांगणार नाही, तिथले साहेब आणि प्लांट हेड रोज एकाच गाडीतून येतात. मेल तयार आहे, गेटपासचे फोटो जोडलेत. पाठवू का?

नीलेश_७३
थांबा! ऑफिसच्या मेलवरून? आणि त्या गेटपासची प्रत किती जणांच्या हातात येते? मी निनावी पत्र लिहिलं होतं. त्यात एका बैठकीतलं बोलणं आलं, आणि बैठकीला आम्ही चौघंच होतो. पंधरा दिवसांत माझी बदली झाली. सही नसली तरी मजकूरच माणूस दाखवतो. तारीख, गाडी नंबर, वजन एवढंच द्या, जे सिक्युरिटीलाही माहीत असतं, अकाउंट्सलाही. वर्ड फाइल जोडणार असाल तर तिच्या प्रॉपर्टीजमध्ये तुमचं नाव राहतं, तेही पुसा.

रेवती_प
बँकांचं कर्ज ५० कोटींच्या वर असेल तर कंपनी कायदा २०१३, कलम १७७ प्रमाणे तक्रारीची यंत्रणा ठेवावीच लागते. गंभीर प्रकरणात थेट ऑडिट कमिटीच्या (हिशेबांवर लक्ष ठेवणारी संचालकांची समिती) अध्यक्षांकडे जाता येतं, एचआरला मध्ये न घेता. कमिटी नसेल तर संचालक मंडळाने त्यासाठी नेमलेल्या संचालकाकडे. कर्ज किती?

चाकणकर९
कर्जाचं बघतो. नीलेशदादा, ती हिरवी प्रत तिघांकडेच येते. फोटो काढून टाकले. पण मग काटा पावती लागेल, ती ड्रायव्हर घेऊन जातो. दुसरी प्रत कुठे असते?

नीलेश_७३
काटा आवारातला की बाहेरचा?